आधी मैदान, मग गॅलरी
(तृतीय वर्ष, सिव्हिल)

"मेस्सी आला, पण तोही क्रिकेटच्याच ग्राउंडवर!"

१४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सीला पाहताना आमच्या होस्टेलच्या टीव्हीसमोर कुणीतरी हा डायलॉग टाकला आणि मग काय, मेस बंद व्हायची वेळ झाली तरी वाद संपेना. महाराष्ट्राला फुटबॉलचं स्वतःचं, मोठं, प्रोफेशनल स्टेडियम पाहिजे की नको? पाहिजे तर पैसे कुणी द्यायचे? सरकारने की क्लबच्या मालकांनी? पुढारी माईकसमोर जे भांडतात तेच आम्ही बनियनवर भांडत होतो!

आमचा कोल्हापूरचा मित्र तर पेटलाच. "लेका, तू शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच बघितलीस का? माणूस मावत नाही. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. मोठं स्टेडियम झालं तर असे दहा निघतील."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मी पडलो हिंगोली जिल्ह्यातला. स्टेडियम म्हटलं की माझ्या डोक्यात आधी दुसरेच हिशोब सुरू होतात.

पहिला हिशोब भाडेकरूचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचं क्रीडा संकुल सरकारी पैशातून उभं राहिलं. तिथे पुणे एफसी खेळायची, ती २०१५ मध्ये बंद पडली. आयएसएलची एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये गुंडाळली गेली, तिची जागा हैदराबादने घेतली. क्लब म्हणजे शेवटी कंपनी, परवडलं नाही की चालली! संकुल मात्र सरकारच्या गळ्यात कायमचं. जून २०२० मध्ये तर तिथल्या सिंथेटिक ट्रॅकवर बड्या मंडळींच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि पेपरांत बोंबाबोंब झाली. खुद्द आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम कराराच्या घोळात अडकून लांबणीवर पडला. अशा भाडेकरूच्या भरवशावर घर बांधायचं का, तुम्हीच सांगा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी ब्राझीलने अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात चाळीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम बांधलं. वर्ल्ड कपचे सामने तिथे झाले किती? फक्त चार! आणि शहराचा एकही क्लब तेव्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये नव्हता.

दुसरा हिशोब पाण्याचा. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. उन्हाळ्यात गवताला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तर ३५,७०० लिटर झाले. म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेतीन खेपा, त्याही रोज. हा आकडा मी सुट्टीत घरी सांगितला तेव्हा काका म्हणाले, "गवताला एवढं पाणी? आन् ढोरायला काय पाजावं?" एप्रिल २०१६ आठवतो? लातूरला रेल्वेने पाणी आलं आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस राज्याबाहेर न्यायला सांगितल्या. मराठवाड्यातल्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही.

मग आम्ही खेळायचंच नाही का? खेळायचं नं! २०१७ मध्ये मी सातवीत होतो. वर्ल्ड कपच्या निमित्ताने सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि १५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा, असा कार्यक्रम ठेवला. आमच्या शाळेतही बॉल आले. आम्ही वेड्यासारखे खेळलो. आठ दिवसांत एक बॉल बाभळीच्या काट्याने बसला. दुसऱ्याची हवा गेली आणि गावातल्या सायकलवाल्याकडे त्याची पिनच नव्हती. बॉल आला होता, मैदान आलं नव्हतं.

आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. आता सॉइल मेकॅनिक्स शिकल्यावर कळतं की यावरचा इलाज काही रॉकेट सायन्स नाही. वरची काळी माती काढा, मुरूम भरा, मधून दोन्ही बाजूंना थोडा उतार द्या, कडेने गटार काढा, रोलर फिरवा आणि भोवती कुंपण घाला. गवत नसलं तरी पोरं खेळतील आणि टँकरही लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी झाली, जिल्ह्याची ८ वरून २५ कोटी. हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच. पण बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला कोण देणार? उद्घाटनाला फीत असते. वॉचमनच्या पगाराला कुठे फीत असते? म्हणून मला वाटतं, सरकारने पैसे द्यावेत ते मैदानाला, त्याच्या देखभालीला आणि एका कोचच्या पगाराला. तिकीट लावून मॅच दाखवायची असेल त्या क्लबने गॅलरी आपल्या खिशातून बांधावी. कोल्हापूरच्या मित्रालाही मी हेच सांगितलं. अरे, तुमच्याकडे माणूस मावत नाही तो काही खुर्च्यांमुळे नाही, तो तालमींच्या टीममुळे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण दोन्ही पाहिजे." बरं, दोन्ही. पण आधी कोणतं?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वादाचा नाही. माझी धाकटी बहीण नववीत आहे. पळण्यात तिच्यापुढे पोरं टिकत नाहीत. बरं वाटेल असं मैदान एसटीने पाऊण तासावर आहे आणि संध्याकाळची गाडी चुकली की आईचा जीव टांगणीला. वानखेडेवर त्याच दिवशी सरकारने 'प्रोजेक्ट महादेवा'चा शुभारंभ केला, तेरा वर्षांखालच्या मुलामुलींना निवडून तयार करायचं म्हणून. चांगलंच आहे. पण बहिणीचं ते वय तर निघून गेलं. तिच्या मागच्या पोरी निवडीपर्यंत पोचणार त्या कुठे खेळून?

मित्रांनो, उद्या आपल्यातलेच काहीजण पीडब्ल्यूडीत, नाहीतर एखाद्या कन्सल्टन्सीत बसतील आणि असल्या संकुलाचं एस्टिमेट टेबलावर येईल. तेव्हा गॅलरीच्या आधी निचऱ्याचा आयटम बघा आणि देखभालीचा रकाना रिकामा असेल तर फाईल परत पाठवा. तेवढं तरी आपल्या हातात असेल!