पाठीवरचे आकडे

मुलांनी जिवापाड जपायचे आणि आयांनी ते केराच्या टोपलीत टाकायचे, हा नियम जगात सगळीकडे सारखाच आहे, हे मला न्यू जर्सीत कळले.

मुलीकडे गेलो होतो. तिच्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. एका दुपारी त्यांनी मला चहाला बोलावले आणि चहा निवण्याच्या आत एक जाडजूड वही माझ्या मांडीवर ठेवली. पानापानावर कप्पे, आणि कप्प्याकप्प्यात बेसबॉलच्या खेळाडूंची रंगीत कार्डे! बेसबॉलमधले मला फारसे कळत नाही. आपल्या क्रिकेटचा तो कुणी दूरचा चुलतभाऊ. चेंडू कुंपणापलीकडे गेला की त्याला होमरन म्हणतात आणि लोक वेडे होतात, एवढे मला ठाऊक. पण जमवण्याचे वेड मात्र मला नेमके कळते. लहानपणी मी काडेपेट्यांचे छाप जमवीत असे.

ही कार्डेही मूळची धुराच्याच कुळातली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती सिगारेटच्या पाकिटांतून येत. पुढे ती च्युइंग गमच्या पुड्यांतून येऊ लागली. आमच्या शेजाऱ्यांचा जीव जडला होता तो टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या ४०७ कार्डांच्या संचावर. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र. पाठीवर त्याचे जन्मगाव, उंची, वजन, थोडी हकीकत आणि त्याच्या कारकिर्दीचे आकडे. त्या साली हे गृहस्थ नऊ वर्षांचे होते.

पहिल्याच कप्प्यातले कार्ड पाहून मला नवल वाटले. इतक्या निगुतीने ठेवलेल्या वहीत हे एकच कार्ड कोपरे झिजलेले, आणि मधोमध रबराचा वळ उठलेले!

"हा अँडी पॅफ्को. क्रमांक एक," ते म्हणाले. "आम्ही मुले कार्डे क्रमाने लावून रबराने बांधत असू. एक नंबर नेहमी वर. खालच्या सगळ्यांचे ओरखडे यानेच सोसले."

म्हणून आज कोराकरकरीत पॅफ्को मिळणे महाकठीण झाले आहे म्हणे. मैदानावरही त्याच्या वाट्याला असेच काहीसे आले. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ब्रुकलिन डॉजर्सचा पॅफ्को भिंतीपाशी उभा राहून नुसता वर पाहत राहिला, आणि जायंट्सच्या बॉबी थॉमसनने मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. त्याबरोबर डॉजर्सच्या हाताशी आलेले लीगचे अजिंक्यपदही गेले. पॅफ्को पुढे १९५९ पर्यंत खेळला, त्याने एकंदर २१३ होमरन मारले, ब्याण्णव वर्षांचे आयुष्य भोगून तो २०१३ साली वारला. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो भिंतीशी उभा असलेलाच.

तो थॉमसन याच वहीत ३१३ क्रमांकाच्या कप्प्यात आहे. त्याच्या शेजारी ३१४, डॉजर्सचा रॉय कँपॅनेला. कार्डावर हा तिशीतला गडी. जानेवारी १९५८ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला, आणि पुढची पस्तीस वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीत काढली. मी कार्ड उलटून पाहिले. आकडे १९५१ पाशी थांबले होते. कार्डाला पुढचे काहीच ठाऊक नव्हते.

३११ चा कप्पा मात्र रिकामा होता. ती जागा मिकी मँटलची. खांद्यावर पिवळी बॅट, मागे निळे आभाळ आणि वर लागलेली नजर. त्या कार्डाच्या पाठीवर होमरन तेरा. पुढे त्याने ५३६ मारले. पण १९५१ च्या शरदातच त्याचा गुडघा दुखावला, १९५२ मध्ये चाळिशीतच त्याचे वडील गेले. मग दारू लागली, आणि १९९५ मध्ये यकृताच्या कर्करोगाने तो गेला. त्या कार्डाची एक उत्तम प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली.

"हे तुम्हाला मिळालेच नव्हते का?" मी विचारले.

"मिळाले होते. दोन होती."

ते सैन्यात गेले असताना आईने घर बदलले आणि खोके फेकून दिले. पॅफ्को शाळेच्या एका पुस्तकात खूण म्हणून राहिला होता, तेवढा वाचला. बाकीची कार्डे त्यांनी पन्नास वर्षे एकेक करून पुन्हा विकत घेतली.

"आईला फार टोचून बोललो मी," ते म्हणाले. "तिला काय ठाऊक? कंपनीला तरी कुठे ठाऊक होते?" ते खोटे नव्हते. टॉप्सचे साय बर्जर सांगत असत की, १९५२ सालची न खपलेली कार्डे त्यांनी १९६० मध्ये समुद्रात नेऊन बुडवली. "सगळ्या आयांनी जपून ठेवली असती, तर आज कोण विचारते त्यांना? तिला एवढे सांगायचे राहून गेले."

मी काही बोललो नाही. माझ्या छापांची वही आईने एका नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवायला घेतली होती. मी फराळावर रुसलो. तो रुसवा दुपारपर्यंत टिकला. चकलीपुढे त्याचे काही चालले नाही. राग मात्र कित्येक वर्षे टिकला. आता वाटते, नऊ माणसांचे पाणी तापवायचे, लाकडे ओली, घर अंधारात. हाताला लागला तो कागद तिने घेतला असेल. आम्ही उठलो तेव्हा पाणी कढत होते. ती कधी उठली होती, हे कुणी विचारलेच नाही.

परत आल्यावर मी तिचा एक जुना फोटो शोधून काढला. कुणाच्या तरी लग्नातला. दुसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेली. उलटून पाहिला, तर पाठ कोरी. मी पेन घेतले. नाव लिहिले, माहेरचे गाव लिहिले, जन्मसाल लिहिले. मुले पाच. मग हात थांबला. ती शाळेत कितवीपर्यंत गेली होती? मला माहीत नव्हते. ताईला फोन केला.

"चौथीपर्यंत," ताई म्हणाली. "आणि पहिला नंबर असायचा बरं का तिचा! तुला कधी बोलली नाही?"

मी लिहिले, 'इयत्ता चौथी. क्रमांक एक.'