एकट्याचा प्रवास आणि दोघांचे वेळापत्रक

आमच्या समाजात प्रवासाला निघणारा माणूस सहसा एकटा नसतो. कुलदेवतेच्या दर्शनाला जावयाचे तर घरातली सारी माणसे, काशी-रामेश्वर करावयाचे तर आळीतली निम्मी, आणि लग्नाला जावयाचे तर कोण राहिले एवढेच मोजावयाचे. डबा एकाने आणावा, पाण्याचे भांडे दुसऱ्याने, गाडीच्या वेळा तिसऱ्याने पाठ कराव्यात, अशी आमची सनातन श्रमविभागणी. त्यामुळे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आम्ही एकट्याने, आणि तेही परदेशात, गाडीने गावोगाव हिंडण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा घरात प्रथम शांतता पसरली व नंतर प्रश्नांना तोंड फुटले. या लेखात ‘आम्ही’ हे सर्वनाम केवळ जुन्या सवयीने येत आहे. जाणारा माणूस एकच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमचे वास्तव्य नेपानगरचे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील हे गाव कागदाच्या गिरणीभोवती वसले. १९४७ साली येथे कारखान्याची स्थापना झाली आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. वृत्तपत्राचा कागद करणारा हा देशातला पहिला कारखाना. भोवतालच्या जंगलातली सलई आणि बांबू येथे येत, आणि त्यांचा कागद होऊन रेल्वेने देशभर जाई. आमचे वडील गोव्याकडून पोटासाठी येथे आले. आम्ही गिरणीच्या प्रयोगशाळेत कागदाची जाडी, वजन आणि ताकद मोजण्यात उमेदीची वर्षे घालविली. चौरस मीटरला पंचेचाळीस ते एकोणपन्नास ग्रॅम भरणारा तो पातळ कागद सकाळी वाचला जातो आणि संध्याकाळी त्यात भजी बांधली जातात, याचे आम्हांस कधी वैषम्य वाटले नाही. परंतु हा कागद जगात आला कुठून आणि त्यावर अक्षर उमटविण्याची विद्या कोणत्या गावी जन्मली, ते एकदा पाहावे, ही इच्छा मात्र मनात घर करून राहिली. देवाची यात्रा पुष्कळांनी केली. आम्ही अन्नदात्याची यात्रा करू म्हणतो.

आमच्या लोहमार्गाला जगप्रवासाचे वावडे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांनी ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जो नायक १८७२ च्या सुमारास कल्पिला, त्याची गाडी याच वाटेने गेली. दुपारी साडेबारा वाजता ती बऱ्हाणपुरास थांबते आणि नायकाचा सेवक तेथे खोट्या मोत्यांनी मढविलेले जोडे विकत घेतो. पुढे मात्र फजिती होते. वर्तमानपत्रांनी मार्ग पूर्ण झाल्याचे छापलेले असते, आणि गाडी रानातच थांबते. पुढे रूळच नाहीत! अलाहाबादेपर्यंतच्या पन्नास मैलांसाठी नायकाला दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घ्यावा लागतो. खरे पाहता मुंबई-अलाहाबाद मार्ग १८७० सालीच जोडला गेला होता. परंतु हत्तीवाचून हिंदुस्थानची गोष्ट रंगणार कशी? ते असो. छापील वेळापत्रकावर सर्वस्वी विसंबू नये, हा धडा आमच्याच शेजारच्या रुळांवर लिहिला गेला आहे, आणि तो आम्ही वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतला.

आता बेत कसा आखला ते सांगतो. प्रथम रोम, कारण विमान तेथे उतरते आणि थकलेल्या माणसाला चार दिवस एका जागी राहिलेले बरे. तेथून डोंगर ओलांडून अँकोनाकडे जाणाऱ्या मार्गावर, सुमारे तीन तासांच्या अंतरावर, फाब्रियानो हे लहान गाव आहे. तेराव्या शतकापासून तेथे कागद होतो. चिंध्या कुटण्यासाठी पाण्यावर चालणारे हातोडे, शाई फुटू नये म्हणून कागदाला द्यावयाची सरसाची खळ, आणि प्रकाशाकडे धरल्यावर दिसणारे जलचिन्ह, या तिन्ही गोष्टींसाठी गावाचे नाव घेतले जाते. आपल्या नोटेतले पाण्याचे चित्र ज्याने कौतुकाने पाहिले असेल, त्याचे या गावाशी नाते आहे. त्यानंतर व्हेनिस. आल्दुस मानुत्सिउस या मुद्रकाने १५०१ पासून तेथे खिशात मावतील असे लहान ग्रंथ छापून वाचनाला पाय फोडले. मग आल्प्सखालून स्वित्झर्लंडातील बाझेल. तेथील जुन्या कागद-गिरणीत आजही पाणचक्की फिरते आणि पाहुण्याला स्वतःच्या हाताने कागदाचा ताव उचलू देतात. शेवटी जर्मनीतील माइन्त्स, गुटेनबर्गचे गाव. १४५५ च्या सुमारास त्याचे बायबल तेथे छापून निघाले. तेथून फ्रँकफुर्टचे विमानतळ अर्ध्या तासावर आहे. एका नगरीत उतरावे व दुसरीतून परतावे, म्हणजे आलेल्या वाटेने उलटे जाण्याचा खर्च व कंटाळा दोन्ही वाचतात.

मुक्काम सोळा रात्रींचा: इटलीत अकरा, स्वित्झर्लंडात तीन आणि जर्मनीत दोन. ही वाटणी केवळ हौसेची नाही. शेंगेन करारातील देशांना मिळून एकच प्रवेशपरवाना लागतो, परंतु अर्ज त्या देशाकडे करावयाचा असतो जेथे मुक्काम सर्वांत अधिक. आमचा अर्ज म्हणून इटलीकडे. तो निघण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सोबत किमान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा हवा. पारपत्रासाठी भोपाळची वारी झाली. बोटांचे ठसे आता आणखी एकदा द्यावयाचे आहेत. गिरणीत हजेरीचे कार्ड टोचून आयुष्य काढलेल्या माणसाला याचे काय कौतुक!

गाड्यांचा हिशेब अधिक नाजूक. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ पासून युरेल नावाचा पास मिळतो. आज तो तेहेतीस देशांत चालतो आणि साठी उलटलेल्यांना त्यात दहा टक्के सवलत आहे. महिन्यात प्रवासाचे चार दिवस, असा लहान पासही असतो, आणि आमचे लांबचे टप्पे बरोबर चारच. परंतु इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण निराळे करावे लागते. पास त्याला लाभतो ज्याला सकाळी उठून बेत बदलावयाचा असतो. आम्ही बेत न बदलणाऱ्यांपैकी. म्हणून व्हेनिसकडच्या वेगवान गाडीची व सरहद्द ओलांडणाऱ्या गाडीची तिकिटे आधीच, स्वस्तात काढावीत, आणि फाब्रियानोच्या साध्या गाडीचे तिकीट खिडकीवरच घ्यावे, असे ठरले. साध्या गाडीचे भाडे शेवटच्या क्षणीही वाढत नाही. मात्र ते कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो; न केल्यास दंड.

व्हर्नचा धडा येथेही उपयोगी पडला. मिलानहून झुरिककडे जाणारी गाडी गॉटहार्डच्या सत्तावन्न किलोमीटर लांब बोगद्यातून जाते. २०१६ साली उघडलेला हा जगातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा ऑगस्ट २०२३ मध्ये मालगाडी घसरल्याने नादुरुस्त झाला आणि पूर्ववत व्हावयास सप्टेंबर २०२४ उजाडला. जर्मनीच्या वक्तशीरपणाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. २०२४ साली तेथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे बासष्ट टक्केच वेळेवर पोहोचल्या. हे वाचून आमचा जीव भांड्यात पडला. भुसावळ-खंडवा मार्गावर वाढलेल्या माणसाला उशिराची सवय आहे, भीती केवळ अपरिचिताची असते. तरीही गाडी बदलताना निदान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि दिवसाची शेवटची गाडी कधीही धरू नये, हे दोन नियम केले.

एका गोष्टीचा उलगडा मात्र कोणत्याही मार्गदर्शिकेतून झाला नसता. आमच्या मावशी ब्याण्णव वर्षांच्या. बेत ऐकून त्यांनी गोव्याच्या बोलीत एवढेच विचारले, “तूं एकलोच वतलो? आनी सोमारा खातलो कितें?” सोमवार मंगेशाचा, त्या दिवशी आमच्या घरात मासळी येत नाही. वाचक हसतील, पण आम्ही पंचांग आणि दिनदर्शिका शेजारी ठेवून बसलो. दोन सोमवार येत होते. शोध करता असे दिसले की युरोपातील पुष्कळ संग्रहालये सोमवारीच बंद असतात! मग सोमवार गाडीत बसण्याचे ठरले: एक रोम ते फाब्रियानो, दुसरा व्हेनिस ते बाझेल. गाडीत फळे, पाव आणि घरचा चिवडा. पार्मेझान म्हणून जे प्रसिद्ध चीज आहे, त्यात वासराच्या पोटातील विरजण वापरतात, हेही या निमित्ताने कळले. सोमवारीच काय, कधीही ते ताटात नको, अशी विनंती इटालियन भाषेत वहीत लिहून घेतली आहे.

गोव्याचे नाव निघाले म्हणून एक विचार सांगावासा वाटतो. हिंदुस्थानात छापखाना आला तो १५५६ साली, गोव्यात. तो जात होता ॲबिसिनियाला. बेत बदलला आणि यंत्र आपल्या भूमीवर राहिले. त्यानंतर चारच वर्षांच्या सुमारास आमच्या पूर्वजांनी श्रीमंगेशाला कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास नेले. एका बाजूने अक्षर छापणारे यंत्र येत होते आणि दुसऱ्या बाजूने देव घर सोडून निघाले होते. त्या पूर्वजांजवळ ना वेळापत्रक होते, ना विमा, ना परतीचे तिकीट. त्याच राजवटीत १६४० साली रायतूरला कोंकणीचे व्याकरण छापून निघाले, आणि आज आपली भाषा कागदावर वाचताना आपण दोन्ही गोष्टींचे वारस असतो. माइन्त्सला जाताना मनात नुसती भक्ती असणार नाही, आणि नुसता रागही असणार नाही, एवढे निश्चित.

राहिला प्रश्न एकटेपणाचा, आणि तोच मुख्य. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे गेली सहा वर्षे त्यांना जिना चढू देत नाहीत. त्यांना मागे ठेवून जावे हे मनाला पटेना, आणि आम्ही बेत दोनदा मोडीत काढला. तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मी येऊ शकत नाही हे खरे. पण तुम्ही गेला नाहीत, याचा भार माझ्या गुडघ्यांवर टाकू नका. त्यांना आहे तेवढे ओझे पुरे.” चाळीस वर्षांच्या संसारात इतके रोखठोक उत्तर आम्हांस क्वचितच मिळाले असेल. त्या रात्री आम्ही दोघे प्रथमच त्या विषयावर बोललो, जो या वयाच्या घरात सर्वांना ठाऊक असतो आणि कोणी काढीत नाही: दोघांपैकी एकाला कधीतरी एकट्याने राहावे लागणार आहे. बँकेचे व्यवहार आम्ही पाहतो. औषधे कोणती व केव्हा, ते त्यांना ठाऊक. गॅसचा नंबर त्यांच्याकडे, विम्याचे कागद आमच्याकडे. एकमेकांवाचून आम्ही दोघेही अर्धशिक्षित आहोत.

म्हणून या सोळा रात्री आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आपली पेटी आपण उचलावी, कारण तेथे हमाल मिळेलच असे नाही. त्यासाठी भरलेली पेटी घेऊन आम्ही नेपानगर स्थानकाचा पूल चढून-उतरून पाहिला आणि दोन सदरे व एक जाड ग्रंथ कमी केला. आपल्या गोळ्या आपण आठवणीने घ्याव्यात. रात्री अनोळखी खोलीत दिवा स्वतः मालवावा. मुलगी पुण्याहून म्हणाली, “बाबा, मी रजा काढून येते तुमच्यासोबत.” तिचे प्रेम आम्ही जाणतो, पण सोबत आली तर गावे दिसतील, हा सराव होणार नाही. तिला तसे समजावून सांगितले. तिने रोजच्या दूरध्वनीची अट घातली: तिकडे सायंकाळचे साडेपाच, म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे येथे रात्रीचे नऊ.

वैशाखात, दिवस मोठे असताना, निघावयाचे आहे. तत्पूर्वी मंगेशीला जाऊन कौल घ्यावयाचा आहे. वेळापत्रकाच्या दोन प्रती केल्या: एक आमच्या पेटीत, दुसरी घरात. परवा पाहिले, तर घरच्या प्रतीच्या मागच्या बाजूला सौभाग्यवतींनी स्वतःचे सोळा दिवस लिहून काढले आहेत. पहिल्या दिवशी बँक, मोबाइलवरून पैसे पाठविण्याचा पहिला प्रयोग. चौथ्या दिवशी रिक्षा सांगून देवळात, एकट्याने. आठव्या दिवशी विम्याच्या कागदांची पेटी उघडून पाहणे. दोन्ही सोमवारांपुढे त्यांनी एकच शब्द लिहिला आहे: ‘विश्रांती’. बहिणीला सोबतीला बोलवावे का, असे आम्ही विचारले. “नको,” त्या म्हणाल्या, “मग माझा सराव कसा होणार?”