हान्झोचा भाला

टोकियोत हान्झोमोन नावाची एक मेट्रो लाइन आहे. नकाशावर जांभळी. ऑफिसला जाताना मी रोज तिनेच जाते. हे नाव आलं राजवाड्याच्या एका दरवाज्यावरून, आणि दरवाज्याला ते मिळालं हात्तोरी हान्झोवरून. म्हणजे जगातल्या बहुधा सगळ्यात प्रसिद्ध निंजावरून! ज्याने लपून राहायचं, त्याचं नाव रोज स्पीकरवरून पुकारलं जातं. आहे की नाही गंमत?

त्याहून मोठी गंमत म्हणजे हा हान्झो सामुराई होता. घराणं मूळचं इगा प्रांतातलं, पण हा जन्मला मिकावात, तोकुगावा इएयासूच्या चाकरीत वाढला आणि भालाईत म्हणून गाजला. लोक त्याला 'ओनी हान्झो' म्हणत, म्हणजे राक्षस हान्झो. १५८२ मध्ये क्योतोत ओदा नोबुनागाला दगा झाला, तेव्हा इएयासू मोजक्या माणसांनिशी साकाईकडे अडकला होता. इगाच्या डोंगरातून तो सुखरूप घरी पोचला, त्यात हान्झोचं इगाशी असलेलं नातं कामी आलं असं सांगतात. मग इएयासूने त्या इगावाल्यांना नोकरीत घेतलं. पुढे एदो हीच तोकुगावांची राजधानी झाली. तिथल्या किल्ल्यात 'शंभर जणांची चौकी' अजून उभी आहे. तिथे इगा आणि कोगाच्या तुकड्या इतरांबरोबर आळीपाळीने पहारा देत. किल्ल्यात गुपचूप शिरण्याबद्दल ज्यांची ख्याती, तेच दारावरचे राखणदार!

हे सगळं आज लिहायचं कारण माझा पुण्यातला भाचा. परवा फोनवर विचारत होता, "मावशी, निंजा आणि सामुराईची फाइट झाली तर कोण जिंकेल?" हा वर्गात सगळ्यात बुटका. खेळात धिप्पाड मुलं सामुराई होतात आणि याला निंजा करतात. मग सगळे मिळून याला बडवतात, कारण म्हणे निंजा मागून वार करतो, तो चीटर असतो. ताई, हसू नकोस, पोरगं खरंच हिरमुसलं होतं.

तर राजा, ऐक. सामुराई हा दर्जा होता आणि शिनोबी हे काम. ('निंजा' हा उच्चार विसाव्या शतकात रुळला, आधी शिनोबीच म्हणत.) हेरगिरी करणं, रात्री गडात शिरणं, आग लावणं, बातमी आणणं. ही कामं साधे पायदळातले लोक करत, तसे सामुराईही करत. १६८१ चं 'शोनिन्की' हे शिनोबी विद्येचं पुस्तक लिहिणारा नातोरी हा कीशू संस्थानाच्या चाकरीतला सामुराईच होता. कातोरी शिंतो-र्यू ही तलवारबाजीची जुनी, मानाची शाळा. तिच्या अभ्यासक्रमात तलवार, भाला, किल्लेबांधणी यांच्या पंगतीला शिनोबी विद्याही आहे.

मग ही दोन टोकं झाली कशी? लढाया थांबल्या म्हणून, असं मला वाटतं. शांततेच्या काळात उरतात त्या गोष्टी. नाटकं, चित्रं, कादंबऱ्यांनी शिनोबीला काळे कपडे आणि जादू दिली. दुसऱ्या बाजूला नितोबे इनाझोने १९०० मध्ये 'बुशिदो' हे पुस्तक चक्क इंग्रजीत लिहिलं आणि जगाला निष्कलंक सामुराई भेटला. एकाच्या वाट्याला सगळी अब्रू आली, दुसऱ्याच्या वाट्याला सगळा अंधार.

पण १६७६ च्या 'बान्सेन्शूकाई' या इगा-कोगाच्या मोठ्या ग्रंथात युक्त्यांच्या आधी काय येतं माहितीये? 'सेइशिन', म्हणजे मन सरळ ठेवणं. निष्ठा आणि न्याय नसेल तर शिनोबी आणि चोर यात फरक उरत नाही, हा त्याचा मथितार्थ. ज्याला कुणी बघत नाही त्याने तर जास्तच सरळ असावं लागतं, कारण त्याला अडवणारंही कुणी नसतं. मला हे फार पटतं.

योत्सुयाला साइनेन्जी नावाचं एक छोटंसं देऊळ आहे. हान्झोची समाधी तिथेच आहे आणि त्याचा म्हणून एक भालाही जपलाय. शेजारी नोबुयासूचं स्मारक. हा इएयासूचा थोरला मुलगा. १५७९ मध्ये त्याला सेप्पुकू करावं लागलं. शेवटचा वार करून त्याला वेदनेतून सोडवायचं काम हान्झोकडे होतं, पण राक्षस म्हणवणाऱ्या या माणसाला रडू आवरेना आणि तलवार उचलेना, अशी कथा आहे. मग दुसऱ्याने ते काम केलं. पुढे हान्झोने त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत हे देऊळ उभारलं.

आता यातला सामुराई कुठे संपतो आणि निंजा कुठे सुरू होतो, ते तुम्हीच सांगा. मला तर एकच माणूस दिसतो.