कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी कसे झाले

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी कऱ्हाड सोडते आणि शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी लहान लहान स्टेशने मागे टाकत कृष्णाकाठाने पुढे सरकते. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच द्राक्षाचे मांडव, कुठे हळदीचे वाफे. ताकारीनंतर किर्लोस्करवाडी. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की कारखान्याची हद्द आलीच. नवख्या माणसाला वाटावे, रेल्वे कारखान्यासाठी आणली असेल. खरी गोष्ट उलटी आहे. स्टेशन आधीचे. तेव्हा त्याचे नाव कुंडल रोड. कुंडल गाव काही अंतरावर आणि स्टेशनाच्या भोवती नुसता माळ, निवडुंग आणि साप.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या तरुण शेतकऱ्यांची सहल पलूस भागातल्या द्राक्षबागा पाहायला नेली होती. बागा पाहून झाल्यावर अर्धा दिवस शिल्लक राहिला. मी म्हटले, चला, ज्या माळावर आपल्या आजोबांचा नांगर जन्मला तो माळ पाहू. पोरे हसली. त्यांनी नांगर पाहिला तो ट्रॅक्टरच्या मागचा. पण आमच्या घरच्या गोठ्यात वडिलांचा बैलांचा लोखंडी नांगर कितीतरी वर्षे भिंतीला टेकून उभा होता, त्यामुळे या गावाविषयी मला लहानपणापासून ओढ.

हे गाव वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुलाला चित्रकलेचा नाद, म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांना काही रंगांतला फरकच ओळखू येत नाही. चित्रकाराचे डोळेच असे, मग पुढे काय करायचे? त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी केली. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला वर नेले, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान 1888 पासून होते.

सायकलींत पैसा होता. हौशी, नोकरदार माणूस सायकल घेई, चालवायला शिकण्याचेही पैसे देई. तरी लक्ष्मणरावांचे मन शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापायचे यंत्र केले. तुम्हांला ठाऊक आहे, अख्खी पेंढी टाकली तर जनावर पाने ओरबाडते आणि ताटे पायाखाली तुडवते. तोच कडबा बारीक करून घातला तर वाया कमी जातो. दुष्काळी मुलखात ही लहान बाब नव्हे. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला, आणि इथून खरी कसोटी सुरू झाली.

आपला जुना लाकडी नांगर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तो जमीन चिरतो, पलटत नाही. दोन तासांच्या मध्ये न मोडलेली माती उभी राहते. मग आडवी-उभी नांगरट पुन्हा करायची. काळ्या भारी रानात तर आठ-आठ, दहा-दहा बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरात कुठले? शेजाऱ्यापाजाऱ्यांत सावड करायची, आणि पाळी येईपर्यंत हंगाम निसटायचा. लोखंडी पलटी नांगर मातीची सबंध कूस उलटी करतो. हरळीच्या, कुंद्याच्या काशा उघड्या पडतात आणि उन्हाळ्याच्या तापात वाळून जातात. कुंद्याने पडीक पडलेली राने या नांगराने पुन्हा वहितीखाली आली.

इतके गुणाचे अवजार, पण पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती. आज आपण हसू. मला मात्र त्या शेतकऱ्यांचे हसू येत नाही. ज्याची सारी मालमत्ता म्हणजे ती एक जमीन, तो कुणाच्या तरी नव्या यंत्राखाली ती सहज कशी घालील? मी तीस वर्षे नवीन वाण, नवीन खते, नवीन पद्धती घेऊन गावोगाव हिंडलो. "आधी त्याच्या रानात पेरा, मग बघू," हे उत्तर मला इतक्यांदा मिळाले आहे की ते उत्तर देणारा माणूस शहाणाच असतो असे आता माझे मत झाले आहे.

त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांपुढे वाट मोकळी होती. सायकलीच विकत राहायचे. किंवा परदेशी नांगर मागवून त्यावर दलाली खायची. विलायतेचे नांगर तेव्हा आपल्याकडे येत होतेच. त्यांनी दोन्ही केले नाही. परदेशी मासिके वाचून, हाताने प्रयोग करून ते नांगर सुधारीत बसले. नांगराचा जीव फाळात असतो. फाळ मऊ निघाला की चार दिवसांत बोथट, आणि फार कडक झाला तर दगडावर आपटून तुकडा. ओतताना रस साच्यातल्या लोखंडी तुकड्याला टेकवून झटकन थंड केला तर तेवढा भाग कठीण होतो, बाकीचा चिवट राहतो. वापरताना मऊ बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते. ऐकायला सोपे वाटते. भट्टीपाशी उभे राहून ते जमवणे किती कठीण, हे ओतकाम करणाऱ्यालाच विचारावे.

एवढ्यात बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती हवी होती. कारखाना उचलून न्यायचा कुठे? अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. हे राजे स्वतः चित्रकार होते. रंग न ओळखणारा चित्रकार आणि रंगात रमणारा राजा यांची गाठ अशी यंत्रांच्या निमित्ताने पडावी, ही गंमतच. त्यांनी 10,000 रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर पडीक जमीन दिली. 10 मार्च 1910 रोजी काम सुरू झाले. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, छपरे उभारायची. ज्या माळावर कुसळ उगवायची मारामार, तिथे माणसे बायकापोरांसह राहायला आली.

कोण होती ही माणसे? ही यादी वाचली की मला नेहमी नवल वाटते. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर यंत्रांतले जाणकार. मंगेशराव रेगे हिशेबाला. अनंतराव फळणीकर शाळा अर्ध्यावर सोडलेले, पण पुढे कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, ते व्यवस्थापक झाले. आणि राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोडेखोर म्हणून नाव झालेले. ज्या समाजांकडे सरकार जन्मापासून संशयाने पाही, त्यांतल्या दोघांच्या हाती लक्ष्मणरावांनी रात्रीची वस्ती सोपवली, आणि ते विश्वासाचे राखणदार ठरले. वाडीत शिवाशिव चालणार नाही हेही त्यांनी पहिल्यापासून ठरवले होते. 1910 साल लक्षात घ्या. त्या काळी आपल्या गावांत पाणवठे वेगळे होते. कित्येक ठिकाणी मनातले पाणवठे आजही वेगळेच आहेत, ते असो.

हे सांगताना मी कुणाची आरती ओवाळत नाही. मालकाने वसवलेल्या वाडीत शेवटी मालकाचाच शब्द चालतो, ही त्या रचनेची मर्यादा आहेच. राजाची मर्जी नसती तर काय झाले असते, हेही विचारण्यासारखे. पण नांगर, उसाचा लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचे यंत्र, आणि 1926 पासून पाण्याचे पंप, हा क्रम पाहा. शेतकऱ्याच्या घरात कुठे घाम वाया जातो आहे, कुठे पाठ मोडते आहे, ते हुडकून त्या जागी यंत्र ठेवायचे, असा तो धंदा होता.

आणखी एक गोष्ट इथलीच. 1920 साली पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी, एवढा साधा हेतू. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' निघाले. ज्या माळावर नांगर ओतले जात, तिथून बायकांच्या शिक्षणावर, रूढींवर, अंधश्रद्धेवर लेख छापून घरोघर जाऊ लागले. लोखंडाने जमिनीला विष चढते ही समजूत नुसता नांगर विकून जात नाही, हे त्यांना अनुभवाने कळले असावे.

आमच्या सहलीत एक मुलगा होता. शेतीची पदवी घेऊन घरी बसलेला, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र काढायच्या विचारात. त्याच्या पदवीवर परवाना मिळतो, वडील गाळ्यासाठी एक एकर विकायला तयार. जेवताना तो म्हणाला, "साहेब, हे सगळं जुन्या काळी ठीक होतं. आज दुकान चालवायचं तर लिंकिंग करावंच लागतं. उधारी द्यावीच लागते. शेतकरी विचारतो, कुठलं औषध मारू? ज्या बाटलीत जास्त मार्जिन ती द्यायची. नाही दिली तर भाडं निघत नाही."

मला हे नवीन नव्हते. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारणे कायद्यात बसत नाही, तरी ते चालते. मी त्याला उपदेश केला नाही. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडायला बसवले. गावची लागवड किती, त्यात ऊस किती, भाजीपाला किती, एका शेतकऱ्याची वर्षाची खरेदी किती. मग विचारले, कीड ओळखून एकच योग्य औषध दिले आणि दुसरी बाटली घेऊ नका म्हणून सांगितले, तर एका गिऱ्हाइकामागे तुझे किती बुडतील? आणि तो माणूस पुढची दहा वर्षे तुझ्याकडेच आला तर किती मिळेल? पोराने आकडे दोनदा मांडले. पहिली दोन वर्षे तोट्याची निघाली. तिसऱ्या वर्षापासून थोडे थोडे वर येत होते. "म्हणजे दोन वर्षं कळ काढायची," तो म्हणाला. शेजारचा एक जण म्हणाला, "त्या नांगरासारखं." सगळे हसले, तोही हसला, पण कागद घडी करून त्याने खिशात ठेवला.

त्याच्या वडिलांशी मी मागाहून बोललो ते एवढेच, की एकर विकू नका. गाळा भाड्याने घ्या, माल थोडा ठेवा, प्रत्येकाला पक्के बिल द्या आणि उधारीची वही पहिल्या दिवसापासून घरातल्या बाईच्या हाती द्या. चार पैसे कुठे अडकलेत हे तिला नेमके ठाऊक असते.

उरलेल्या वेळात पोरांना कुंडलला नेले. हे गाव 1942 च्या लढ्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात आघाडीवर होते, जी. डी. बापू लाड याच गावचे. डोंगरावर पार्श्वनाथाची जुनी जैन स्थाने आहेत. त्याच मिरज लाइनवर पुढे भिलवडी लागते. तिथे 1939 साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा धंदा सुरू केला, त्याची कथा वेगळी सांगण्यासारखी आहे. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले होते, आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी ते वहीत जपून ठेवलेले मी पाहिले आहे.

लोखंडी नांगराविषयी शेतीखात्याचा माणूस म्हणून एक सांगायला हवे. कुंद्याच्या रानात त्याने जे केले ते आज प्रत्येक रानात दर वर्षी करायचे कारण नाही. उताराच्या, हलक्या जमिनीत ट्रॅक्टरने खोल नांगरून माती मोकळी टाकली की पहिल्या वळवात ती ओढ्याला जाते. शिवाय दर वर्षी एकाच खोलीवर नांगरले तर खाली कडक थर बसतो. तण, उतार आणि मातीची खोली पाहून तीन-चार वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरे.

कुणाला जायचे असेल तर कारखाना आतून पाहण्यासाठी आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी, आयत्या वेळी फाटकावरून परत यावे लागते. सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत, वेळापत्रक पाहून निघावे. हाताशी एक दिवस जास्त असेल तर विट्यावरून आटपाडीकडे जावे. तिथे स्वतंत्रपूर आहे. त्याच औंध संस्थानाने 1939 साली कैद्यांना भिंतीविना, बायकामुलांसह शेती करीत राहू द्यायची वसाहत काढली, आणि ती आजही चालू आहे. व्ही. शांताराम यांचा 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरूनच सुचलेला.