सगळेच दिवे एकदम लागतात तेव्हा

गेल्या पावसाळ्यापासून माझी गाडी विचित्र वागत होती. एकदा पुण्यात सिग्नलला उभा असताना स्टिअरिंग एकदम जड झालं आणि पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून चालू केली, दिवा गायब! मग घड्याळ आपोआप बारावर जायला लागलं. कधी एबीएसचा दिवा, कधी सेंट्रल लॉकचा रुसवा.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठे काही बिघडलं की मला त्यात 'बग'च दिसतो. मी चक्क नोंदी ठेवल्या. तारीख, वेळ, पाऊस होता का, एसी चालू होता का. वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर जोडला तर चार वेगवेगळे एरर कोड निघाले. स्टिअरिंगचं युनिट बदलावं लागेल म्हणाले. आकडा ऐकून "विचार करून सांगतो" म्हटलं आणि सटकलो.

दिवाळीनंतर पिंपळगाव राजाला, घरी गेलो. बाबा तिथे एकटेच असतात. त्यांच्याही तक्रारी वर्षभर फोनवर ऐकत होतो. पायाला मुंग्या येतात, थकवा वाटतो, नावं आठवत नाहीत. प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर, वेगळी गोळी. मी म्हणायचो, "बाबा, वय झालं आता." या वेळी मात्र खामगावच्या एका डॉक्टरांची सकाळची वेळ घेतली होती. उपाशीपोटी रक्तही द्यायचं होतं. आणि त्याच दुपारी मला पुण्याला निघायचं होतं.

सकाळचे सहा. बऱ्यापैकी थंडी. चावी फिरवली तर नुसतंच टिक-टिक-टिक... आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले. दिवाळी परत आली म्हणा ना!

बाबा म्हणाले, "धक्का देऊ का? आपली जीप धक्क्यावरच तर चालू व्हायची." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी डिकीला हात लावलासुद्धा. एक पाऊल टाकलं आणि त्यांचा तोलच गेला. मी कसंबसं धरलं. "काही नाही रे, पाय जरा बधिर झाला," म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला.

आवाज ऐकून शेजारचा पोरगा आला. ट्रॅक्टरचं वायरिंग करतो. मी त्याला माझी सगळी एरर कोडची कथा सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी पाह्यली का कोनं?"

कोणीच नव्हती पाहिली!

त्याने मीटर लावला. 11.6 व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी, गाडी बंद असताना, 12.6 च्या आसपास दाखवते. मग मला चावी फिरवायला लावली. काटा थेट 7 च्या खाली. स्टार्टर फिरताना साधारण साडेनऊच्या खाली जायला नको. "सारेच दिवे एकदम लागले म्हंजे सारंच बिघडलं नसते भाऊ. जिथून सारे खातात, ते पाहा लागते."

जुन्या जीपला बॅटरी लागायची ती स्टार्टर, दिवे आणि ठिणगीपुरती. आजच्या गाडीत डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवतो आणि काम थांबवतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग क्षणात भरपूर करंट ओढतं. सिग्नलला इंजिन हळू फिरत असतं, तेव्हा अल्टरनेटर कमी पडतो आणि ती तूट बॅटरीने भरायची असते. वेग घेतला की 14 व्होल्ट मिळतात आणि सगळं पुन्हा ठीक! म्हणूनच मी फसलो. आमच्याकडचा उन्हाळा बॅटरीला आतून खातो आणि थंड सकाळ ते उघडं पाडते. त्यात माझं ऑफिस तीन किलोमीटरवर. तेवढ्यात ती भरणार कधी?

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू केली. लाल वायर धनाला धन, काळीचं शेवटचं टोक बॅटरीला न लावता इंजिनच्या धातूला. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो म्हणून. (ट्रकची बॅटरी मात्र घेऊ नका, त्यांची यंत्रणा बहुधा 24 व्होल्टची असते.)

खामगावला उशिरा पोचलो, पण डॉक्टर भेटले. त्यांनी बाबांच्या चारही तक्रारी एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिल्या. मग विचारलं, "शुगरची गोळी किती वर्षांपासून घेता?" मेटफॉर्मिन, बारा वर्षं. जेवण शाकाहारी. रिपोर्टमध्ये बी-12 फारच कमी निघालं. मुंग्या, थकवा, विसरणं, तोल जाणं, सगळ्यांचं मूळ एकच असू शकतं म्हणाले. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

नवी बॅटरी खामगावातच बसवली. त्यानंतर एकही दिवा लागलेला नाही. वर्कशॉपच्या आकड्यापुढे तिची किंमत चिल्लरच.

बाबांची इंजेक्शनं सुरू आहेत. पायाच्या मुंग्या कमी झाल्यात, पण बधिरपणा अजून आहे. नसा हळूहळू भरून येतात, सगळ्या येतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. एक वर्ष आधी नेलं असतं तर... असो.

गाडीच्या नोंदी मी तारीखवार ठेवल्या होत्या. बाबांच्या एकदाही नाही.