एकतारीवरचा संसार

कडूबाई खरात यांचा आवाज पहिल्यांदा ऐकताना माणूस हातातलं काम थांबवतो. साथीला पेटी नाही, तबला नाही. एकतारीचा एकच अखंड स्वर आणि त्यावर खड्या, भरदार गळ्यातून उठणारं भीमगीत, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचं गाणं. एकतारीला पडदे नसतात, बदलायला दुसरी तार नसते. सूर ढळला तर झाकायला काहीच नाही. षड्जही तिचाच, ठेकाही तिचाच. मराठवाडी बोलीतला शब्द त्या तारेवर असा येऊन बसतो की ताना-मुरक्यांची आठवणही होत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या या गायिकेला गाणं वडिलांकडून मिळालं. नवरा अकाली गेला, पदरात मुलं. तीच एकतारी घेऊन त्या गावोगाव गात फिरल्या आणि त्यावर घर चालवलं. पुढे मोबाइलवरच्या चित्रफितींनी त्यांना महाराष्ट्रभर पोचवलं. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही भीमगीतांतली थोर नावं. पण ती पुरुषांची. गायन पार्टीचा आधार न घेता, एकटीने उभी राहून गाणारी विधवा बाई कुणाच्या कल्पनेत नव्हती.

एकट्या विधवेच्या वाटेचा विचार करताना मला माझा परिसर आठवतो. मी पुण्याच्या कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात राहते. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये इथल्या झोपडीत आला. ती झोपडी संस्थेने आजही जपली आहे. स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण हेही सांगितलं पाहिजे की ते दार सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरतंच उघडं होतं. कडूबाईंच्या आज्या-पणज्यांना तिथे जागा नव्हती. नातीने मग संस्था, घराणं यांतलं काहीही पाठीशी नसताना आपली वाट पाडली.

आपण मात्र त्यांना ‘लोककलावंत’ म्हणून एका कोपऱ्यात बसवतो आणि एप्रिलमधल्या आंबेडकर जयंतीपुरती आठवण काढतो. हा अन्याय आहे, आणि तो संगीतावरही आहे.

पुण्यात संगीत महोत्सवांना तोटा नाही. त्यांच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: कडूबाईंना मुख्य मंचावर बोलवा, संपूर्ण मैफल द्या, आणि बिदागी शास्त्रीय गायिकेला देता तेवढीच द्या.