तव्यावरचा स्कोन

'पाव' हा शब्द मराठीत दोन वाटांनी आलेला आहे. एक वाट संस्कृत 'पाद' या शब्दाची. तिने आपल्याला चौथाई दिली, पावशेर दिला, पावली दिली. दुसरी वाट समुद्राची. पोर्तुगीज गलबतांबरोबर ती आमच्या किनाऱ्याला लागली आणि तिने आपल्याला भाजलेला पाव दिला. या दोन शब्दांचे आपसांत नाते नाही. तरीही एक पदार्थ असा आहे की ज्यात हे दोन्ही पाव एकत्र येतात. तो म्हणजे स्कोन.

स्कोन हा ना धड केक, ना धड बिस्किट. वरून खरपूस, आतून मऊ, किंचित भुसभुशीत असा तो छोटा पाव. त्याचे नाव घेतले की साहेबाच्या बंगल्यातील चहाचे टेबल, चिनी मातीच्या बश्या आणि मुरंब्याची बरणी डोळ्यांसमोर येते. परंतु त्याचे मूळ घर अगदी साधे आहे. स्कॉटलंडमधील गरीब शेतकरी ओट किंवा जवाच्या पिठाची जाडसर चकती थापून ती लोखंडी तव्यावर भाजत असत आणि तिचे आडवे-उभे काप देऊन चार भाग करीत असत. अशा एका भागाला तेथे 'फार्ल' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच 'चौथा हिस्सा', म्हणजे पाव! गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीने १५१३ साली पूर्ण केलेल्या एका भाषांतरात स्कोनचा उल्लेख सापडतो. भट्टी, सोडा, मनुका आणि चारच्या चहाचा थाट हे सारे त्याला पुढे चिकटले. स्कोनचा जन्म तव्यावरचा आहे, हे वाचल्यावर आम्हांला तो एकदम ओळखीचा वाटू लागला.

ज्या सुमारास तिकडे डग्लसची लेखणी चालली होती, त्याच सुमारास इकडे चौलच्या खाडीत तोफा वाजत होत्या. १५०८ साली चौलची आरमारी लढाई झाली. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. रेवदंड्याचा कोट आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला आजही त्या काळाची साक्ष देत उभे आहेत. पाव खाणाऱ्या या लोकांना येथे पीठ फुगवण्यासाठी खमीर मिळेना. तेव्हा गोव्यात आणि वसईकडे त्यांच्या कामी आली ती माडाची माडी. भंडाऱ्याने पहाटे उतरवलेल्या माडीत निसर्गतःच खमीर असते. तिच्यात भिजवलेले पीठ रात्रभर ठेवले की सकाळी दुप्पट होई. परदेशी पावाला पहिला श्वास दिला तो कोकणच्या माडाने, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु हा पाव नेहमीच प्रेमाने वाटला गेला असे नाही. पोर्तुगीजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, न कळता लोक ते पाणी प्यायले आणि सारा गाव बाटला, ही गोष्ट कोकणात कोणी ऐकलेली नाही? ती घडली कशी आणि कोठे, हा इतिहासकारांचा प्रश्न. तिच्यातील सल मात्र आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. भाकरीसारखे निरागस अन्न, पण त्यानेच शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडले. १७४० साली चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले, आणि पाव व त्याचा बोल मागे राहिला. आज तो बोल उरलेला नाही. १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर वडापाव मिळू लागला आणि बघता बघता तो साऱ्या महाराष्ट्राचा झाला. त्या पावाला आता त्याची जात कोणी विचारीत नाही.

परके ते आपले कसे होते, याचा एक सुंदर पाठ आमच्या शेजारी कोर्लईतच मिळतो. तेथील कॅथलिक कुटुंबे घरात जी बोली बोलतात तिला ती 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा सखोल अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या बोलीतील शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी. क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन बसते. शब्द गलबतातून आले आणि त्यांना ओळीत उभे केले ते इथल्या मातीने. आमच्या मते स्वयंपाकाचेही असेच असते. पदार्थ कोठूनही येवो, त्याचे व्याकरण ज्या घरात तो शिजतो त्या घराचे असते.

आमच्या घरात स्कोन आला तो आत्याच्या वहीतून. आत्या तरुणपणी मुंबईला भायखळ्यात एका घरी स्वयंपाकाला होती. तेथे ती जे जे शिकली ते ते तिने एका चौकटीच्या वहीत उतरवून घेतले. इंग्रजी तिला बेताचेच येई, म्हणून सारी मापे तिच्या पद्धतीची: चहाचा कप, शिगेस चमचा, चिमूट. गावी परतल्यावर तिच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला तो भट्टीचा. भट्टी काही घरात नव्हती. नाताळात आमच्याकडे केक होई तो पातेल्यात वाळू तापवून आणि झाकणावर निखारे ठेवून. पाच-सहा स्कोनसाठी एवढा खटाटोप कोण करणार? आत्याने सरळ बिडाचा तवा चुलीवर ठेवला. स्कॉटलंडची गोष्ट तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गरजेने तिला बरोबर मूळ घरी नेऊन पोचवले.

ती कृती येथे देतो. दीड वाटी गव्हाचे पीठ किंवा मैदा, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, चिमूटभर मीठ आणि सपाट पाव चमचा खाण्याचा सोडा एकत्र चाळून घ्यावा. त्यात तीन मोठे चमचे घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे, म्हणजे पीठ रव्यासारखे दिसू लागते. मग दोन मोठे चमचे किसलेला गूळ व पाव वाटी ओले खोबरे घालावे. शेवटी अर्धी ते पाऊण वाटी आंबट ताक घालून पीठ हलक्या हाताने गोळा करावे. अर्धा इंच जाडीची चकती थापावी, सुरीने तिचे चार पाव करावेत आणि मंद आचेवर, वर झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटे भाजावेत. नंतर कडाही तव्याला टेकवून शेकून घ्याव्यात. भट्टी असल्यास दोनशे अंशांच्या वर, बारा ते पंधरा मिनिटांत ते तयार होतात.

यात दोन पथ्ये आहेत. पहिले, पीठ मळू नये. भाकरी करणाऱ्या हाताला हे फार जड जाते. भाकरीचे पीठ तळहाताने जितके रगडावे तितकी ती चांगली थापली जाते. गव्हाचे तसे नाही. गव्हातील प्रथिने ओली होऊन मळली गेली की त्यांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे, स्कोनला नको. तांदळात हे जाळे मुळीच नसते, म्हणून अर्धी वाटी तांदळाचे पीठ घातले की स्कोन हमखास खुसखुशीत होतो. दुसरे पथ्य, वेळ दवडू नये. माडीतील खमीर रात्रभर सावकाश काम करते, तर सोड्याला ताकातील आम्ल भेटले की वायू लगेच सुटू लागतो. पीठ भिजवून गप्पा मारीत बसलो, तर तो वायू निघून जातो आणि हाती दगड येतो. आमच्या दमट उकाड्यात लोणीही पाहता पाहता पाघळते, त्यामुळे हे काम सकाळच्या गारव्यात उरकणे बरे. खोबरेल तर पंचवीस अंशांच्या आतच वितळते. म्हणून खोबरे वापरावे ते किसाच्या रूपात. लोण्याची जागा त्याने घेऊ नये.

या कृतीत अंडे नाही, हे सूज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली ती आपल्या पत्नीसाठी. तिला खमीर सोसत नसे, अंडेही सोसत नसे. अंड्यावाचूनचे कस्टर्ड त्याने आधीच, १८३७ साली, तिच्याचकरिता केले होते. आज जगभर खपणाऱ्या त्या पांढऱ्या भुकटीच्या मुळाशी एका घरातील ताटाची काळजी आहे. आमच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल बांधवही असेच. मांसाबरोबर दूध खायचे नाही हा त्यांचा धर्मनियम. त्यांनी माडाकडे पाहिले आणि नारळाच्या दुधात रस्सा शिजवला. पोहे, खोबरे आणि गोडाचा त्यांचा मलिदाही कोकणच्याच जिनसांचा. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण मलिदा त्यांच्याबरोबर गेला.

आमच्या शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी. नाताळचे ताट आमच्याकडून त्यांच्याकडे जाई, दिवाळीचे त्यांच्याकडून आमच्याकडे येई. केकचा तुकडा हाती घेऊन त्या मोकळेपणाने म्हणत, "मला अंडं चालत नाही हो, पण पोरं खातील." ताट कधी नाकारले नाही, आणि आमच्या घरचे त्यांनी चाखलेही नाही. अशी वर्षे गेली. विहिरीतल्या पावाची गोष्ट दोन्ही घरांना ठाऊक होती आणि दोन्ही घरे ती कधी काढीत नसत. एका नाताळात आत्याने ताटात केकऐवजी तव्यावरचे स्कोन ठेवले आणि स्वतः नेऊन दिले. "काकू, ह्यात अंडं नाही. ताक तुमच्याकडचंच आहे, काल तुम्हीच दिलेलं."

काकूंनी एक पाव मोडला, वास घेतला आणि तेथेच उभ्या उभ्या खाल्ला. मग म्हणाल्या, "अगो, हे तर आपल्या धोंडसाचं धाकटं भावंड!" धोंडस म्हणजे काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा तो जाड पदार्थ. त्यालाही खालून-वरून निखारेच लागतात. ज्याला आपण साहेबी भाजणे समजत होतो ते त्यांच्या चुलीवर पूर्वापार चालत आले होते. दोन घरांमध्ये फक्त एक भिंत होती आणि दोन्ही बाजूंना तीच वाळू, तेच निखारे!

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या अन्नाविषयी आपण दोन टोकांची भूमिका घेतो. कोणी म्हणतो, जे मूळ तेच खरे, त्यात बदल नको. कोणी म्हणतो, परके ते टाकून द्या. आम्हांला वाटते, कृती बदलावी ती कोणासाठी, हे आधी पाहावे. जिभेच्या हौसेखातर केलेला बदल चार दिवसांत विसरला जातो. परंतु जो माणूस आपल्या ताटातून वगळला गेला आहे त्याला जागा करून देण्यासाठी केलेला बदल घरात टिकतो, कारण तो माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो. त्याकरिता आपली श्रद्धा सोडावी लागत नाही आणि त्याचा नियमही मोडावा लागत नाही. केवळ एक अंडे वगळावे लागते.

आत्या आता नाही. काकूही गेल्या. त्यांच्या सूनबाई पुढच्याच दिवाळीत आमच्याकडे ताट घेऊन आल्या. त्यात चकल्या-करंज्यांच्या कडेला चार खरपूस तुकडे होते. किसलेली काकडी आणि वेलची घालून त्यांनी स्कोन केले होते. आत्याने ती कृती विचारून घेतली आणि वहीत लिहून ठेवली. आम्ही आता नाताळात दोन्ही प्रकार करतो. काकडी मिळाली नाही तर भोपळाही चालतो. फक्त त्याला पाणी सुटते, तेव्हा ताक दोन चमचे कमी घालावे.